आधी वैरण, मग गाय : नाशिककडं नव्याने जनावरं घेणाऱ्यांसाठी चाऱ्याचं सगळं गणित

कोणी नवीन माणूस गोठा करायचा म्हणतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, कोणती गाय घेऊ, एचएफ (होल्स्टिन) का जर्सी, का म्हैस परवडेल. मी उलट विचारतो, मे महिन्यात तुमच्या विहिरीला किती तास पाणी असतं आणि वैरणीला किती गुंठे सोडणार? बहुतेकांकडं याचं उत्तर नसतं. गाय लाखभर रुपये देऊन आज संध्याकाळी दारात उभी करता येते, पण तिला उद्या सकाळी टाकायचा चारा दोन महिने आधी लावलेला असावा लागतो, आणि दुधाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च खाण्यावरच जातो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. मी सिन्नर तालुक्यातला, माझ्याकडं पाच दुभत्या गाया, दोन कालवडी आणि थोड्या शेळ्या आहेत. खाली जे आहे ते पाच गायींच्या हिशोबानं आहे, तुम्ही तुमच्या संख्येने गुणाकार-भागाकार करून घ्या.

पहिली पायरी : जमीन आणि पाणी मोजा, तेही मे महिन्याचं

आपला जिल्हा म्हणायला एक आहे पण वैरणीच्या बाबतीत तीन-चार जिल्हे धरा. इगतपुरी-त्र्यंबककडं पाऊस एवढा की डांगी गायच तिथं टिकते, तिथं भाताचा पेंढा मिळतो आणि पावसाळ्यात डोंगरभर गवत, पण फेब्रुवारीनंतर डोंगर पिवळा पडतो. निफाड-पिंपळगाव भागात पाणी आहे, उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) मिळतात, मक्याचा चारा मिळतो, पण तिथं प्रत्येक गुंठ्यावर द्राक्ष, टोमॅटो नाहीतर कांदा असतो त्यामुळे वैरणीला जमीन सोडायला जीव होत नाही. आणि आमचं सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, इथं जमीन भरपूर, पाणी नाही. तुम्ही यातल्या कुठल्या भागात बसता त्यावर पुढचं सगळं ठरणार, दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाचा व्हिडिओ बघून तेच आपल्याकडं करायला जाऊ नका.

ढोबळ हिशोब सांगतो. एका दुभत्या गायीला दिवसाला २० किलो हिरवा चारा धरला तर वर्षाला साधारण ७.३ टन लागतो. नेपियरसारखं बहुवार्षिक गवत चांगलं सांभाळलं तर गुंठ्याला वर्षाकाठी दीड-दोन टन देतं. म्हणजे एका गायीला चार ते पाच गुंठे, पाच गायींना वीस-पंचवीस गुंठे, बारमाही पाण्याखालचे. मे महिन्यात एवढ्याला पाणी पुरत नसेल तर गाया कमी करा किंवा मुरघासाचं, म्हणजे हवाबंद मुरवून ठेवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, आधी बघा, ते पुढं येतंय.

दुसरी पायरी : किलोवर जाऊ नका, कोरड्या वजनावर जा

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. हिरव्या चाऱ्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. कडब्यात १० टक्के. म्हणजे २० किलो हिरवी वैरण टाकली तर गायीच्या पोटात खरा चारा ४ किलोच गेला, आणि ५ किलो कडबा टाकला तर साडेचार किलो गेला. या पाणी वजा जाता उरलेल्या भागाला शुष्क पदार्थ म्हणतात, आणि गायीला तो तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के लागतो.

४०० किलोची, दिवसाला १० लिटर दूध देणारी गाय घ्या. तिला रोज १२ किलो शुष्क पदार्थ पाहिजे. हिरवा चारा २० किलो म्हणजे ४ किलो. कडबा साडेतीन किलो म्हणजे ३ किलो. राहिले ५ किलो, ते खुराकातून, म्हणजे पेंड-भरड्यातून. खुराकाचा साधा नियम असा की शरीर चालवायला दीड किलो आणि गायीला दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. १० लिटरला ४ किलो अधिक दीड, झाले साडेपाच किलो, त्यातलं ओलसरपण काढलं की पाच. बारा किलो जुळले. जुळले नाहीत तर गाय तिच्या अंगातली चरबी जाळून दूध देते, दोन महिने दूध दिसतं बरं, मग फासळ्या दिसायला लागतात आणि गाय माजावर येत नाही, मग आपण डॉक्टरला दोष देतो.

पाणी विसरू नका. मोठ्या जनावराला दिवसाला ६० ते ८० लिटर, दूध जास्त असेल तर आणखी. गव्हाणीशेजारी चोवीस तास पाणी ठेवलं तर दूध वाढल्याचं मी स्वतः बघितलंय.

तिसरी पायरी : काय लावायचं

वैरणीत दोन जाती लागतात, एक एकदल आणि एक द्विदल. एकदल म्हणजे नेपियर, मका, ज्वारी, ओट, यातून पोट भरतं आणि ताकद मिळते. द्विदल म्हणजे लसूण घास, चवळी, दशरथ घास, यातून प्रोटीन मिळतं. हिरव्यात दोन वाटे एकदल आणि एक वाटा द्विदल असला की खुराकाच्या पोत्याचा खर्च दिसण्यासारखा कमी होतो. नवीन लोक नुसतं नेपियर लावून मोकळे होतात, तिथंच चुकतं.

नेपियर. संकरित नेपियरमध्ये आपल्या राहुरी विद्यापीठाचे फुले जयवंत, फुले गुणवंत आहेत, कोईमतूरचे को-४, को-५ आहेत. यातलं जे जवळच्या शेतकऱ्याकडं चांगलं दिसतंय त्याचे ठोंब (मुळासकट फुटवे) आणा. 'पंधरा फुटी गवत' म्हणून फोटो दाखवून एकेका डोळ्याला भलते पैसे सांगतात त्यांच्या नादी लागू नका. गवत पंधरा फूट वाढवायचंच नसतं, तेवढं वाढलं की त्याची काठी होते, गाय पानं खाते आणि खोड गव्हाणीत सोडते. लागवड तीन बाय दोन फुटावर, म्हणजे गुंठ्याला साधारण १८० ठोंब किंवा दोन डोळ्यांच्या कांड्या. जून-जुलै नाहीतर फेब्रुवारी-मार्च. कडाक्याच्या थंडीत लावू नका, फुटत नाही. पहिली कापणी ६० ते ७५ दिवसांनी, पुढच्या ४५-५० दिवसांनी, कमरेच्या थोडं वर आलं की कापायचं, जमिनीपासून वीतभर ठेवून. वीतभर ठेवा म्हणजे ठेवाच, पार जमिनीलगत खुरपलं तर फुटवे कमी होतात. प्रत्येक कापणीनंतर शेणाची स्लरी किंवा थोडा युरिया आणि पाणी.

प्लॉटचे ४५ तुकडे पाडल्यासारखं रोज एक पट्टा कापायचा, म्हणजे शेवटच्या पट्ट्याला पोचेपर्यंत पहिला तयार. हे एवढं सोपं आहे तरी लोक एकदम सगळं वाढू देतात आणि मग अर्धं निबर होतं.

एक गोष्ट आपल्याकडची. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो ते पेपरात दरवर्षी येतं, आमच्याकडंही कमी थंडी नसते. या दोन महिन्यात नेपियर जवळजवळ थांबतं. नवीन माणूस घाबरतो की खत कमी पडलं. खत टाकून काही होत नाही, थंडी गेल्यावर ते आपोआप उठतं. या गॅपसाठीच घास आणि ओट.

लसूण घास. आपल्याकडं नुसतं घास म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरायचा, एकरी १० किलो बियाणं, एक-एक फुटावर ओळी. राहुरीचा आरएल-८८ किंवा आनंद-२. पहिली कापणी ५५-६० दिवसांनी, नंतर महिन्याच्या आत-बाहेर, आणि नीट ठेवला तर तीन वर्षं चालतो. जमीन निचऱ्याची पाहिजे, पाणी साचलं की मुळं सडतात. बियाणं खात्रीचंच घ्या, सुट्टं मोकळं बी आणलं तर त्यात अमरवेलीचं बी येतं, पिवळ्या दोऱ्यासारखी वेल घासावर पसरते आणि मग तेवढा भाग मुळासकट काढून जाळावा लागतो, दुसरा उपाय नाही. आणि घास कधी ओला, दवाचा, उपाशी जनावरापुढं टाकायचा नाही. पोट फुगतं, डावी कूस ढोलासारखी होते, अर्ध्या-एक तासात जनावर जाऊ शकतं. सकाळी कापा, चार तास सुकू द्या, आधी कडबा खाऊ घाला आणि मग घास.

मका आणि ज्वारी. चाऱ्यासाठी मका आफ्रिकन टॉल, एकरी ३० किलो बी, ६०-७० दिवसांनी तुरा आणि कणसं दुधात आली की कापायची. दोन ओळी मका आणि एक ओळ चवळी पेरली तर चारा एकदमच मिश्र मिळतो, हिरव्या चाऱ्याला मी आता नुसता मका पेरतच नाही. लष्करी अळी आली की फवारणी करावी लागते, पण औषधाच्या बाटलीवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस तो मका जनावराला नाही म्हणजे नाही.

ज्वारीचं मात्र नीट वाचा. कोवळ्या ज्वारीत, आणि कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यात, विष असतं, हायड्रोसायनिक आम्ल. पाऊस ओढ देतो आणि ज्वारी कोमेजते तेव्हा ते आणखी वाढतं. २०१८ ला पावसाने ओढ दिली होती, माझ्या बांधाकडच्या कापलेल्या ज्वारीला गुडघ्याएवढे फुटवे आले होते, कोमेजलेले. दोन कालवडी दावं तोडून त्यात शिरल्या. अर्धा तासही झाला नसेल, तोंडाला फेस, धाप लागलेली, अंग थरथरतंय. डॉक्टर येईपर्यंत एक गेली. दुसरीला शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिलं आणि ती उठली, ती आज माझ्या गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय आहे. गेलेल्या कालवडीला मी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तेव्हापासून माझा नियम असा, ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्याशिवाय दावणीला जात नाही, आणि फुटव्याच्या शेताला कुंपण. वाळलेल्या कडब्याची ही भीती नाही.

शेळ्या असतील तर बांधावर शेवरी, हदगा, सुबाभूळ लावून टाका, शेळीला वाकून चरण्यापेक्षा मान वर करून पाला ओरबाडायला आवडतं. एका शेळीला तीन-चार किलो हिरवं, अर्धा-एक किलो वाळलेलं आणि पाव किलो खुराक पुरे. सुबाभूळ सगळ्या हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढं नको, त्यात मिमोसीन असतं, केस गळतात.

चौथी पायरी : वाळलेली वैरण कधी घ्यायची, कशी ओळखायची

कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यायचा, रब्बीची ज्वारी निघते तेव्हा. मे महिन्यात घ्यायला गेलात तर भाव ऐकूनच परत याल. मालदांडी ज्वारीचा कडबा अजूनही सगळ्यात उत्तम, खोड बारीक आणि गोड. पेंढी उघडून बघा, आत हिरवट झाक आहे का, पानं टिकलीत का, नाकाशी धरा, कुबट वास आला किंवा पांढरी-काळी बुरशी दिसली तर फुकट दिला तरी आणू नका. पेंढ्यांचा भाव शेकड्यावर असतो पण पेंढी केवढी हे गावागणिक बदलतं, म्हणून दहा पेंढ्या काट्यावर टाका आणि किलोचा भाव काढा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही, शेकड्याचा भाव स्वस्त बघून भरला आणि निम्म्या पेंढ्या मनगटाएवढ्या निघाल्या.

येवला-मालेगावकडं मक्याचा कडबा स्वस्त मिळतो, कुट्टी केली, म्हणजे बारीक तुकडे केले, तर चालतो, आख्खा टाकला तर खोड राहतं. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) थोडी-थोडी दुसऱ्यात मिसळून द्यायची. गव्हाचं भुसकट आणि भाताचा पेंढा म्हणजे पोट भरणं, त्यात दम नाही. हे असलं निकस वाळलेलं सुधारायचं असेल तर युरिया प्रक्रिया आहे. १०० किलो पेंढा किंवा भुसकट, ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर देत झारीने सारखं शिंपडायचं, दाबायचं, प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. काढल्यावर तासभर मोकळं पसरा, अमोनियाचा उग्र वास उडू द्या, मग द्या, सुरुवातीला थोडं. सहा महिन्यांखालच्या वासराला अजिबात नाही, घोड्याला नाही. आणि युरियाचं पाणी उघड्यावर बादलीत ठेवून जेवायला जाऊ नका, गाय तोंड घालते आणि मरते.

कुट्टी मशीन पहिल्याच वर्षी घ्या. आख्खा कडबा टाकला की पायाखाली जातो, कुट्टीनं तो वाचतो, मशीनचे पैसे त्यातूनच निघतात. गंजी लावताना खाली दगड-लाकडं टाकून उंचावर रचा आणि मे संपायच्या आत झाकून घ्या. वळवाच्या एका सरीनं वर्षभराचा कडबा काळा पडतो.

पाचवी पायरी : मुरघास

आमच्यासारख्या कमी पाण्याच्या भागाला मुरघासाने जगवलंय असं मी म्हणेन. पावसाळ्यात पाणी असतं तेव्हा मका पिकवायचा आणि तो उन्हाळ्यासाठी हिरवाच मुरवून ठेवायचा, लोणच्यासारखा.

हिशोब आधी. पाच गायी, रोज १५ किलो, उन्हाळ्याचे १२० दिवस, झाले ९ टन. वाया जाणारं धरून साडेदहा टन हिरवा मका पाहिजे, एकरी १५ टनांच्या पुढे उत्पन्न आलं तर पाऊण एकरात होतं.

मका कधी कापायचा यावर सगळं आहे. कणसाचा दाणा दुधाळ अवस्था संपून निम्मा पिठाळ होतो तेव्हा, पेरणीपासून साधारण ८० ते ९० दिवस. कुट्टी मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. पाणी टपकलं तर घाई झाली. गोळा लगेच सुटून विखुरला तर उशीर झाला, ओंबाळून बुरशी येणार. गोळा हळूहळू उलगडला आणि हात नुसता ओलसर झाला तर त्याच दिवशी कापणी सुरू करा. कुट्टी अर्धा ते एक इंच, त्यापेक्षा मोठी नको, मोठ्या तुकड्यांत हवा राहते. थर टाकत जा आणि दाबत जा, दाबणं हेच खरं काम आहे, माणसं दमली की शेवटच्या थराला कंटाळा करतात आणि नासतो तो नेमका तोच थर. एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरून हवाबंद झालं पाहिजे. ४५ दिवस हात लावायचा नाही.

गूळ, मीठ, ताक, पावडरी, लोक काय काय घालतात. मक्यात स्वतःचीच साखर एवढी असते की कापणीची वेळ आणि दाब बरोबर असेल तर काही घालायची गरज पडत नाही. माझे ते पैसे वाचले.

खड्डा का बॅग? घनफुटाला साधारण १५ किलो मुरघास बसतो, त्यामुळे ९ टनाला ६०० घनफूट, म्हणजे २० बाय ६ बाय ५ चा खड्डा पुरतो असं गणित येतं आणि नवीन माणूस लगेच जेसीबी बोलावतो. पण पुढचं गणित करा. रोज ७५ किलो काढायचा म्हणजे ५ घनफूट, आणि त्या खड्ड्याचं उघडं तोंड ३० चौरस फूट, म्हणजे रोज फक्त दोन इंच थर निघणार. आपल्या एप्रिलच्या उन्हात उघडा थर तेवढ्या वेगानं संपला नाही तर तो गरम होतो आणि बुरशी धरतो, रोज निदान अर्धा फूट तरी निघाला पाहिजे. म्हणून पाच-सात जनावरांना बॅगच बऱ्या, ५० किलोच्या असोत का मोठ्या, एक उघडली की संपवायची. बॅगेला एकच शत्रू, उंदीर. एवढंसं भोक पडलं की आत हवा जाते, दर आठवड्याला फिरून बघा आणि टेप लावा.

चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो, आंबूस गोड वास येतो. काळा, चिकट, सडका वास, किंवा पांढरे बुरशीचे गोळे, तो भाग उकिरड्यावर. 'थोडासाच आहे, चालतंय' असं करू नका, बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं, आणि ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं. गाभण गायीच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नका.

जाता जाता हायड्रोपोनिकचं सांगतो कारण नवीन लोक हमखास विचारतात. एक किलो मक्यापासून सहा-आठ किलो हिरवा चारा होतो हे खरं आहे, पण वाढलेलं वजन पाण्याचं आहे, शुष्क पदार्थ दाण्यापेक्षा उलट थोडा कमीच होतो. जमीन अजिबात नसेल तर ठीक. ॲझोला लहान टाकीत सावलीला करायला हरकत नाही, दिवसाला किलो-दीड किलो पूरक म्हणून, त्यावर गोठा चालत नाही.

सहावी पायरी : खुराक

तयार गोळी पेंड घ्यायची तर पोत्यावर प्रोटीन किती आणि कोणता टाइप ते वाचा. आयएसआयच्या मानकात टाइप एकला निदान २२ टक्के आणि टाइप दोनला २० टक्के प्रोटीन लागतं. ज्या पोत्यावर नुसता गायीचा फोटो आहे आणि आकडा नाही ते ठेवून द्या. मूठभर पेंड ग्लासभर पाण्यात टाका, ढवळा, तळाला वाळू-माती किती बसते बघा.

घरी करायची तर १०० किलोला मी असं घेतो : मका भरडा ३५, सरकी पेंड २०, शेंगदाणा पेंड १२, गव्हाचा भुसा २०, तूर किंवा हरभऱ्याची चुनी १०, खनिज मिश्रण २, मीठ १. यात साधारण १७-१८ टक्के प्रोटीन बसतं, सोबत घास असेल तर मध्यम दुधाला पुरतं. इथं गव्हाचा भुसा म्हणजे गिरणीतला कोंडा बरं का, खळ्यावरचं भुसकट नाही, नवीन माणसाचा इथं हमखास घोळ होतो. शेंगदाणा पेंड कुबट किंवा ओलसर असेल तर घेऊ नका, बुरशीची सगळ्यात जास्त भीती तिथंच. सरकी लहान वासरांना नको. आणि आंबोण (खुराक) भिजवायचं तर तासा-दोन तासांपुरतं, उन्हाळ्यात रात्रभर भिजवलं तर ते आंबतं.

खनिज मिश्रण रोज ५० ते १०० ग्रॅम, दुधाप्रमाणे. हे पैसे वाचवू नका. नुसतं नेपियर, वाढे आणि कडब्यावरच्या गायी उलटतात (भरवूनही गाभण राहत नाहीत), वार अडकते, व्यायल्यावर खाली बसतात, यामागं बऱ्याचदा चुना (कॅल्शियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलेलं असतं.

आपल्या नाशिकचे धोके, हे वेगळे लिहितो

कांदा. भाव पडला की चाळीतला सडका कांदा जनावरांपुढं ओतायचा ही आपल्याकडची सवय, आणि गाईला कांदा जास्त झाला की तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लगेच कळत नाही, चार-सहा दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी होते, डोळ्याच्या आतली कड पांढरीफटक पडते. शेळ्या-मेंढ्या त्यामानाने जास्त सहन करतात, गाय करत नाही. द्यायचाच तर चांगला कांदा, दोन-तीन किलोच्या आत, भरपूर वैरणीत मिसळून. मी देतच नाही.

द्राक्षाचा पाला. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला बागेच्या कडेला पाल्याचे ढीग लागतात, फुकटचा हिरवा चारा वाटतो. त्या पाल्यावर वर्षभर काय काय फवारलेलं असतं ते बागायतदाराला विचारा. बोर्डो म्हणजे मोरचूद, तांबं, आणि मेंढीला तांबं सहन होत नाही, ते तिच्या लिव्हरमध्ये साठत जातं आणि एक दिवस ती अचानक पडते. धनगर बांधवांनी मेंढ्या बागेत बसवण्याआधी फवारणीचं विचारलंच पाहिजे आणि बागवाल्यानं खरं सांगितलंच पाहिजे. टोमॅटोचे वेल, बटाट्याचा पालाही नको.

उसाचे वाढे. हंगामात निफाडकडं मुबलक, गाय आवडीनं खाते. पण त्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला चुना बांधून टाकतं. महिनोन्‌महिने नुसते वाढे नकोत, निम्म्यावर ठेवा, कुट्टी करून वर चुन्याची निवळी शिंपडा, आणि खनिज मिश्रण चालूच.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडच्या मंडळींनी घाणेरीवर (टणटणीवर) लक्ष ठेवा, नवीन आणलेलं उपाशी जनावर ती खातं, लिव्हर जातं आणि उन्हात कातडी सोलते. आणि लग्नसराईत कार्यालयातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी, हे पुण्य म्हणून गाईला घालतात. एकदम एवढं पीठ पोटात गेलं की आम्ल होतं, गाय रवंथ थांबवते, आडवी होते. गाईला माया दाखवायची तर पेंढीभर घास टाका.

सातवी पायरी : बदल हळू, आणि शेण बघा

कुठलाही नवीन चारा आठ-दहा दिवसांत चढवत न्यायचा, पहिले दोन-तीन दिवस पाव वाटा. गाईच्या पोटातले जंतूच चारा पचवतात, त्यांना नवीन चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. बरोबर चाललंय का हे गाय सांगते. दुपारी गोठ्यात शांत उभे राहा, बसलेल्या दहापैकी निदान पाच-सहा गाया रवंथ करत असल्या पाहिजेत. शेण घट्ट पोळीसारखं पडलं पाहिजे, पाण्यासारखं पातळ म्हणजे कोवळं हिरवं किंवा खुराक जास्त, कडक गोळे म्हणजे पाणी नाहीतर हिरवं कमी. शेणात आख्खे मक्याचे दाणे दिसले तर भरडा बारीक करा. डेअरीत फॅट एकदम घसरली तर आधी वाळलेली वैरण कमी पडतेय का ते बघा.

शंका असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, ठोंब-बियाण्यासाठी राहुरीला चारा पिकांच्या प्रकल्पात चौकशी करा.

पहिलं वर्ष कसं लावायचं ते सांगून थांबतो. जूनच्या पहिल्या पावसात नेपियरचे ठोंब वीस गुंठ्यात आणि बाजूला पाऊण एकर मुरघासाचा मका, चवळी वेगळी दहा गुंठे. ऑगस्टच्या शेवटी नेपियरची पहिली कापणी, अजून गाय नाही म्हणून ती कुट्टी शेजाऱ्याला विका किंवा ठोंब वाढवा. सप्टेंबरला मका बॅगेत. ऑक्टोबरला घास आणि थोडा ओट पेरा. डिसेंबरच्या शेवटी घास पहिल्या कापणीला येतो, मुरघास केव्हाच मुरलेला असतो, नेपियर थंडीनं थांबलेलं असतं पण उभं असतं. तेव्हा दोनच गाया आणा, पाच नाही. फेब्रुवारीत कडबा भरा, मेचा महिना त्या दोघींवर काढा, आणि जूनला बॅगा किती उरल्या ते मोजून उरलेल्या तिघींचं ठरवा.